माइक नसताना : संगीतसूर्य केशवराव भोसले यांची कारकीर्द

गेल्या नाताळात मी घरी होते. मध्यरात्रीच्या मिस्साला स्तोत्राचा एकल भाग माझ्याकडे होता. मी उभी राहिले आणि लाईट गेली. माइक बंद, कीबोर्ड बंद. मेणबत्त्यांच्या उजेडात मी गात राहिले खरी, पण माझा आवाज तिसऱ्या बाकापलीकडं गेला नाही. मागं बसलेल्या मुलांनी कुजबुज सुरू केली, तेव्हाच मला ते कळलं.

दुसऱ्या दिवशी आज्जी म्हणाली, “पोरी, तू ओरडत होतीस. आवाज मोठा करायचा नसतो, लांब करायचा असतो.” आज्जीनं कुठल्या क्लासात गाणं शिकलेलं नाही. जात्यावर गात ती लहानाची मोठी झाली. जात्याच्या घरघरीवर मात करून शेजारच्या घरात ओवी पोचवायची, एवढीच तिची तालीम.

सुट्टीनंतर इंग्रजीच्या तासाला ऑपेराचा विषय निघाला. सरांनी विचारलं, “तुमच्या मराठीत असं काही आहे का?” मी पटकन नाही म्हणून बसले. ते ऐकून आपल्या मराठीच्या मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, “आधी केशवराव भोसले कोण ते वाच. मग मंडळाच्या अंकासाठी लिही.” त्या वाचनातून हा लेख झाला.

ऑपेरा आणि संगीत नाटक

आधी दोन्हीतला फरक समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल. युरोपातल्या ऑपेरात बहुतेक सगळं नाटक गाण्यातूनच पुढं सरकतं. मागं मोठा वाद्यवृंद असतो, सूर कागदावर लिहिलेले असतात आणि गायकानं ते तसेच म्हणायचे असतात. आपल्या संगीत नाटकात पात्रं बोलतात आणि मधेमधे गातात. पदाची चाल ठरलेली असली तरी गायक ती आपल्या तयारीनुसार फुलवतो. प्रेक्षकांनी ‘वन्स मोअर’ दिला की तेच पद पुन्हा. त्यामुळं जुनी नाटकं रात्रभर चालत आणि लोक पहाटे घरी जात.

मराठी संगीत नाटकाचा पाया घातला अण्णासाहेब किर्लोस्करांनी. पुण्यात पारशी मंडळींचं ‘इंद्रसभा’ हे नाटक त्यांनी पाहिलं आणि असं मराठीत का नको, असं त्यांच्या मनानं घेतलं. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात ‘संगीत शाकुंतल’चा प्रयोग झाला. हे अण्णासाहेब मूळचे गुर्लहोसूरचे, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातले. हा धागा लक्षात ठेवा. पुढं तो पुन्हा लागणार आहे.

ऑपेरा आणि संगीत नाटक यांच्यात साम्य एकच, पण ते मोठं आहे. दोन्हीकडं गायकाला माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचावं लागे, आणि तेही अंगावर भरजरी पोशाख घालून, हावभाव करत, रात्रीमागून रात्र. ऑपेराचे गायक गळ्याचा आणि तोंडाचा पोकळ भाग असा वापरतात की आवाजातली ३००० हर्ट्झच्या आसपासची कंप्रता ठळक होते. तिथं वाद्यवृंदाचा जोर कमी असतो आणि माणसाचा कान तीक्ष्ण असतो. म्हणून एकटा माणूस साठ-सत्तर वाद्यांच्या वरून ऐकू येतो. आपल्या नाट्यगायकांनी दुसरी वाट धरली. पट्टी चढी ठेवायची, स्वर मोकळा लावायचा आणि शब्द स्वच्छ फेकायचा. आज्जीचं ‘लांब कर’ हे दोन्ही वाटांना लागू पडतं.

कोल्हापूरचा मुलगा

केशवराव विठ्ठल भोसले यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० चा, कोल्हापूरचा. वडिलांचं छत्र लवकर हरपलं आणि घरात गरिबी आली. अगदी लहान वयात ते ‘स्वदेशहितचिंतक’ नावाच्या नाटक कंपनीत दाखल झाले. आपण ज्या वयात पाटी घेऊन शाळेत जातो, त्या वयात हा मुलगा कंपनीच्या बिऱ्हाडात राहून पदं घोकत होता. तेव्हा नाटक कंपनी हीच शाळा, तीच खानावळ आणि तेच घर.

त्यांचं नाव झालं ते ‘शारदा’मुळं. गोविंद बल्लाळ देवलांचं हे नाटक १८९९ चं. पैशासाठी कोवळ्या मुलीचं लग्न म्हाताऱ्याशी लावून देण्याच्या चालीवर ते नेमकं बोट ठेवतं. त्या काळी स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करत. किशोरवयातल्या केशवरावांनी शारदा केली आणि लोक त्यांच्या गाण्यासाठी गर्दी करू लागले. (परीक्षेत हमखास होणारी एक चूक इथंच दुरुस्त करते. बालविवाहाविरुद्धच्या १९२९ च्या कायद्याला लोक ‘शारदा कायदा’ म्हणतात, पण तो या नाटकावरून नाही. तो मांडणाऱ्या हरबिलास सारडांच्या आडनावावरून ते नाव पडलं.)

मला इथं एक गोष्ट विचार करायला लावते. शारदा ही घरच्यांनी पैशासाठी दुसऱ्याच्या हवाली केलेली मुलगी. तिची भूमिका करणारा मुलगाही गरिबीमुळंच लहानपणी घराबाहेर पडलेला. त्याला त्या पदांतलं दुःख कुणी वेगळं समजावून सांगावं लागलं नसेल.

हुबळी, १ जानेवारी १९०८

वयाच्या सतराव्या वर्षी केशवरावांनी जुनी कंपनी सोडून स्वतःची काढली. नाव ठेवलं ‘ललितकलादर्श’. स्थापनेचा दिवस १ जानेवारी १९०८, आणि गाव हुबळी. पुणे नाही, मुंबई नाही, कोल्हापूरही नाही.

हे वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि घरी फोन केला. कारण सांगते. मेहकर म्हटलं की आपल्या वर्गातले विदर्भातले मित्र लगेच लोणार सरोवराबद्दल विचारतात. ते मेहकर बुलढाण्यात. माझं मेहकर बीदर जिल्ह्यात, भालकी तालुक्यात. १९५६ पर्यंत आम्ही हैदराबाद राज्यात होतो, मग म्हैसूर राज्यात गेलो, आता कर्नाटकात आहोत. घरात मराठी, शाळेच्या पाटीवर कन्नड, बाजारात दखनी. पुण्या-मुंबईकडचे लोक आमची मराठी ऐकून “तुम्ही कुठले?” असं विचारतात, आणि आम्हालाही वाटत राहतं की मराठी साहित्य, मराठी नाटक हे सगळं तिकडं, दूर कुठंतरी घडतं. मराठी रंगभूमीवरची एक मोठी कंपनी कन्नड मुलखात जन्मली, हे मला एकवीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

पण नीट पाहिलं तर यात नवल काही नाही. हुबळी कापसाच्या व्यापाराचं गाव आणि रेल्वेचं मोठं ठाणं. नाटक कंपनीला पडदे, पेटारे, कपडे, वाद्यं आणि माणसं घेऊन गावोगाव फिरावं लागे. जिथं रेल्वे आणि पैसा, तिथं नाटकाचा मुक्काम. शिवाय त्या भागातला प्रेक्षक दोन्ही भाषांचा आणि गाण्याचा जाणकार. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीला ‘सीता स्वयंवर’ केलं, त्यामागंही कर्नाटकातून आलेल्या खेळ्यांची प्रेरणा होती. म्हणजे ही देवाणघेवाण अगदी पहिल्यापासूनची.

उलट दिशेचं उदाहरण हवं असेल तर सवाई गंधर्वांचं घ्या. रामभाऊ कुंदगोळकर हुबळीजवळच्या कुंदगोळचे, मायबोली कन्नड, गुरू अब्दुल करीम खाँ. ते मराठी रंगभूमीवर गायले आणि ‘सवाई गंधर्व’ ही पदवी त्यांना मराठी प्रेक्षकांनीच दिली. पुढं भीमसेन जोशी आणि गंगूबाई हनगल त्यांच्याकडं शिकले. कोल्हापूरचा मराठी मुलगा हुबळीला कंपनी काढतो आणि कुंदगोळचा कन्नड मुलगा मराठी नाटकात नाव काढतो. सीमा नंतर आखल्या गेल्या, गाणं आधीपासून इकडून तिकडं जात होतं.

गायक आणि मालक

इथं ऑपेराच्या गायकापेक्षा केशवरावांचं आयुष्य वेगळं पडतं. इटलीचा एन्रिको कारूसो त्यांचाच समकालीन. त्याला न्यूयॉर्कचं मेट्रोपोलिटन ऑपेरा हाऊस होतं. इमारत, वाद्यवृंद, व्यवस्थापक सगळं तयार. त्यानं जाऊन गायचं. केशवरावांना गाता यावं म्हणून आधी कंपनी चालवावी लागे. नटांचे पगार, रोजची पंगत, पडद्यांचा खर्च, नाटककारांकडून संहिता, पुढच्या गावातलं थिएटर, पावसाळ्यातला मुक्काम, हे सगळं बघून मग रात्री रंग लावायचा.

तरी त्यांनी शिकणं थांबवलं नाही. रामकृष्णबुवा वझे यांच्यासारख्या कडक आणि पक्क्या गवयाकडं त्यांनी तालीम घेतली. वझेबुवांचं वास्तव्य बेळगावला होतं, म्हणजे पुन्हा आपला धागा. बुवांनी ‘ललितकलादर्श’च्या नाटकांना चालीही दिल्या. रंगमंचावर टाळ्या मिळत असताना कंपनीच्या मालकानं गुरूपुढं खाली बसून पुन्हा सा लावणं सोपं नसतं. आपल्यातला कुणी गॅदरिंगला पहिला नंबर आल्यावर दुसऱ्या दिवशी रियाजाला बसतो का, ते स्वतःलाच विचारा.

नाटकं निवडण्यातही त्यांची नजर दिसते. १९१२ मध्ये कंपनीनं हिराबाई पेडणेकरांचं ‘संगीत दामिनी’ रंगभूमीवर आणलं. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या स्त्री-नाटककारांपैकी त्या एक. नाटक बाईनं लिहिलेलं, पण त्यातल्या बायका पुरुषांनीच उभ्या केल्या, असा तो काळ! पुढं मामा वरेरकरांचं ‘हाच मुलाचा बाप’ त्यांनी केलं. त्याचा विषय हुंडा. राजे-राण्या आणि पुराणातल्या कथा गर्दी खेचत असताना आजूबाजूच्या घरांतला प्रश्न संगीत नाटकात आणणं हा मालकाच्या दृष्टीनं धोका होता. तो त्यांनी पत्करला.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या काळच्या बहुतेक मोठ्या नाटक कंपन्यांची सूत्रं ब्राह्मण मंडळींकडं होती. बहुजन समाजातून आलेल्या, शाळेचं शिक्षण फारसं न मिळालेल्या एका तरुणानं त्यांच्या बरोबरीनं कंपनी उभी केली. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांचं त्यांच्यावर लक्ष होतं. १९०२ मध्ये महाराज युरोपला जाऊन आले होते. तिथली नाट्यगृहं आणि मैदानं त्यांच्या डोळ्यांपुढं होती. कोल्हापुरात त्यांनी कुस्त्यांसाठी खासबाग मैदान केलं आणि त्याला लागूनच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभं राहिलं. गाण्याला घर लागतं, हे त्या राजाला कळलं होतं.

८ जुलै १९२१

केशवरावांच्या कारकिर्दीतली एकच रात्र निवडायची तर ती ही.

त्या वेळी रंगभूमीवर दोन मोठी नावं होती. एक बालगंधर्व, दुसरे केशवराव. बालगंधर्वांचं गाणं मृदू आणि लाघवी, केशवरावांचं तडफदार, तारसप्तकात बेधडक जाणारं. म्हणूनच त्यांना ‘संगीतसूर्य’ म्हणत. कंपन्या वेगळ्या, चाहते वेगळे, आणि चाहत्यांचे वादही जोरात. लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० ला गेले. त्यांच्या नावानं महात्मा गांधींच्या पुढाकारानं टिळक स्वराज्य फंड सुरू झाला. त्या फंडाच्या मदतीसाठी दोघांनी एकत्र ‘मानापमान’ करायचं ठरवलं. मुंबईत ग्रँट रोडच्या बालीवाला थिएटरात हा प्रयोग झाला. इतिहासात तो ‘संयुक्त मानापमान’ म्हणून नोंदला गेला.

नाटक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं, १९११ चं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. गोष्ट अशी : श्रीमंत घरची भामिनी धैर्यधराला गरीब म्हणून नाकारते, मग वेषांतर करून त्याच्या छावणीत जाते आणि त्याचं शौर्य, त्याचा स्वभाव पाहून त्याच्याच प्रेमात पडते. भामिनी झाले बालगंधर्व, धैर्यधर झाले केशवराव.

जरा कल्पना करा. मान आणि अपमान हाच नाटकाचा विषय, आणि रंगमंचावर दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक. कुणाचं पद जास्त रंगलं, कुणाला जास्त वन्स मोअर मिळाले, हे मोजायला दोन्हीकडचे चाहते तयार बसलेले. ‘मानापमान’ मूळचं किर्लोस्कर मंडळीतलं, बालगंधर्वांच्या हाडीमांसी मुरलेलं. केशवराव दुसऱ्याच्या अंगणात खेळायला आले होते. तरीही ते आले, आणि त्या रात्री दोघेही जिंकले असंच लोक आजवर सांगत आले. बरोबरीचा गायक समोर असला की आपला आवाज कमी होत नाही, उलट त्याची खरी ताकद तिथंच दिसते.

त्यानंतर

ही रात्र संपून तीन महिनेही झाले नाहीत. ४ ऑक्टोबर १९२१ ला केशवराव विषमज्वरानं गेले. वय ३१. कारूसो दोनच महिने आधी, २ ऑगस्टला, नेपल्समध्ये गेला होता. तो ४८ वर्षांचा होता. एकाच वर्षी जगाच्या दोन टोकांना दोन मोठे आवाज थांबले.

मालकच मुख्य गायक असलेली कंपनी त्याच्याबरोबर बुडायला हवी होती. तसं झालं नाही. केशवरावांच्या हाताखाली तयार झालेले बापूराव पेंढारकर पुढं आले आणि १९२२ मध्ये वरेरकरांचं ‘सत्तेचे गुलाम’ घेऊन कंपनी पुन्हा उभी राहिली. बापूरावांनंतर त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकरांनी ‘ललितकलादर्श’चं नाव ‘दुरितांचे तिमिर जावो’, ‘पंडितराज जगन्नाथ’ यांसारख्या नाटकांपर्यंत आणलं. कोल्हापूरच्या पॅलेस थिएटरला केशवराव भोसले यांचं नाव दिलं गेलं.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री हे नाट्यगृह आगीत सापडलं. छत आणि रंगमंच जळाला. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. तो व्हिडिओ तेव्हा माझ्याही फोनवर आला होता. मी तो पाहिला, “अरेरे” म्हटलं आणि पुढचा व्हिडिओ लावला. केशवराव भोसले हे कुणाचं नाव आहे, हेसुद्धा मला माहीत नव्हतं. ही कबुली मी मुद्दाम लिहितेय, कारण मराठी घेऊन बी.ए. करणाऱ्या मुलीची ही गोष्ट आहे. नाट्यगृह पुन्हा बांधायचं काम हाती घेतलं गेलं, ते होईल. पण ज्याचं नाव दारावर आहे तो माणूस आपल्याला माहीत नसेल, तर नव्या भिंतींचा उपयोग काय?

मला काय मिळालं

पप्पा मला नेहमी विचारतात, “गाण्यावर पोट भरतं का?” प्रश्न चुकीचा नाही. आमच्याकडं शेती थोडी, पाऊस भरवशाचा नाही, आणि मी घरातली पहिली कॉलेजात आलेली. हा लेख लिहिताना वाटलं होतं की केशवराव मला पप्पांसाठी एक ठणठणीत उत्तर देतील. तसं उत्तर मिळालं नाही. त्यांनी गाण्यावर पोट भरलं, स्वतःचं आणि कंपनीतल्या माणसांचंही. पण त्यासाठी हिशेब सांभाळला, प्रवास केला, गुरूपुढं पुन्हा बसले, प्रतिस्पर्ध्याबरोबर उभे राहिले. नुसता गळा कधीच पुरला नाही. म्हणून मी पप्पांना एवढंच सांगितलं की मी बी.एड. करेन आणि गाणंही शिकेन. ते म्हणाले, “बघू.” आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे निम्मं हो.

आणि आज्जीला केशवरावांची गोष्ट सांगितली, तेव्हा ती म्हणाली, “त्याला कुठं माइक होता? म्हणून तर लोक गप बसून ऐकत होते.” मला वाटायचं, आवाज पोचवणं हे फक्त गाणाऱ्याचं काम. ऐकणाऱ्यांची शांतताही त्यातलाच एक भाग आहे, हे आज्जीमुळं कळलं.

येत्या नाताळात मी पुन्हा एकल गाणार आहे. फादरांना आधीच विचारून ठेवलंय, या वेळी लाईट असली तरी माइक बंद ठेवायचा.

मंडळाच्या बैठकीत चर्चेसाठी

१. ऑपेरा आणि संगीत नाटक यांतले तीन फरक आणि एक साम्य तुमच्या शब्दांत सांगा.

२. ‘ललितकलादर्श’ हुबळीला सुरू होण्यामागं कोणती कारणं असावीत? तुमच्या गावात किंवा तालुक्यात कोणत्या नाटक कंपन्या येत, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून या.

३. ‘संयुक्त मानापमान’सारखा प्रयोग आज कोणत्या दोन कलावंतांनी करावा, असं तुम्हाला वाटतं? का?

४. तुमच्या घरात माइकशिवाय गाणारं कोण आहे? त्यांचं एक गाणं फोनवर रेकॉर्ड करून आणा. आपण सगळे गप बसून ऐकू.